पऱ्हाटी डोक्यावर गेली त्या वर्षी

सप्टेंबर 2017. पोळा होऊन महिना झालाय, दसरा आठवड्यावर आलाय. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या कळंब तालुक्यात एका शिवारात उभे आहात आणि शेजारच्या तासातला माणूस तुम्हाला दिसत नाही. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, तुमच्या डोक्यावर गेली आहे. झाडे दाट, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या, आत वारा शिरत नाही. पाठीवर पंधरा लिटरचा बॅटरी पंप आहे. शेत दुसऱ्याचे, तुम्ही रोजंदारीवर.

एरवी फवारताना नोझल खाली धरायचे, पुढे चालायचे, वारा पाठीशी ठेवायचा. यंदा शेंडा गाठायचा तर हात वर करावा लागतो. वर मारलेले पाणी बारीक धुके होऊन तुमच्याच तोंडावर, मानेवर, उघड्या दंडावर उतरते. नाकाला रुमाल बांधला होता, तो दोन पंपांतच ओला झाला. सदरा पाठीला चिकटलाय. घाम कुठला आणि औषध कुठले, हे आता सांगता येत नाही.

बांधावर चार बाटल्या पडल्या आहेत. कृषी केंद्रवाल्याने मालकाला सांगितले होते, "भाऊ, हे अन् ते मिसळून मारा, चार दिवसांत फरक दिसते." बाटलीवर अतिविषारीपणाची खूण असलेला लाल त्रिकोण आहे आणि आत घडी घातलेले माहितीपत्रक आहे. त्यावरची अक्षरे मुंगीएवढी, ती वाचायला ना वेळ ना उजेड. द्रावण काठीने ढवळले, काठी तोकडी पडली तेव्हा हातानेच. दुपारी तुम्ही बांधावर बसता, खिशातून खर्ऱ्याची पुडी काढता आणि त्याच हाताने चिमूट तोंडात टाकता.

संध्याकाळी घरी येताना रस्ता धूसर दिसतो. रात्री ओकाऱ्या सुरू होतात. पहाटे कोणाच्या तरी गाडीवरून तुम्ही यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पोचता. तिथे कळते की तुम्ही एकटे नाही. आर्णीचे आहेत, घाटंजीचे आहेत, मारेगावचे आहेत. जुलै-ऑगस्टपासून येतच आहेत. कुणाच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत, कुणाचे स्नायू थरथरतायत, कुणाला बांधून ठेवावे लागले आहे. डॉक्टर अॅट्रोपिन देतात. पण ते चालते ऑर्गेनोफॉस्फेट गटातल्या विषावर. तुमच्या अंगात त्या गटातले किती गेले आणि दुसरे काय गेले, हे डॉक्टरांना कसे कळावे? तुम्हालाच माहीत नाही. रक्तातले कोलिनेस्टरेज मोजायची सोय त्या वेळी या रुग्णालयात नव्हती. दुकानदाराने कागदावर काय लिहून दिले होते, तो कागद मालकाकडे राहिला.

इथून मागे चला. 2017 मध्ये थांबलात तर नुसता कोणाचा तरी राग येईल, गोष्ट कळणार नाही.

आता 2010 आहे. तुम्ही नागपुरात, केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत आहात. एका छोट्या कप्प्यात एक अळी आहे, भाताच्या दाण्याहून थोडी मोठी, पाठीवर गुलाबी झाक. हीच शेंदरी बोंडअळी, जिच्या धास्तीने पुढे तुमच्या शिवारात फवारण्या होणार आहेत. ती बोंडात शिरते, आत बसून सरकी खाते आणि वरून काहीच कळू देत नाही. तिला बोंडअळीला मारणारे बीटी प्रथिन घातलेले खाद्य द्यायचे आणि ती जगते की मरते ते पाहायचे, हे इथले काम. देशाचे कान टवकारले आहेत, कारण याच वर्षी मॉन्सॅन्टोने स्वतः जाहीर केले आहे की गुजरातच्या अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोट या चार जिल्ह्यांत पहिल्या पिढीच्या बीटी कपाशीला ही अळी दाद देत नाही. उपाय म्हणून दोन जनुकांचे बीजी-2 बियाणे वापरा, असे कंपनीचे म्हणणे.

चार-पाच वर्षे पुढे सरका. त्याच संस्थेचे संचालक केशव क्रांती उघड सांगू लागले आहेत की गुजरातेत बीजी-2 वरही शेंदरी अळी जगते आहे. ते लिहितात, बोलतात, बैठकांत मांडतात. त्यात गुपित काहीच नव्हते. यवतमाळच्या ज्या शेतात तुम्ही मघाशी उभे होतात, तिथे त्यातला एक शब्द पोचला नाही एवढेच.

का पोचला नाही? उत्तरासाठी आणखी मागे जावे लागेल.

20 ऑक्टोबर 1969, अकोला. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची स्थापना होते आहे. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक, पुसदजवळच्या गहुलीचे, म्हणजे तुमच्याच जिल्ह्यातले. हे विद्यापीठ अकोल्यालाच हवे म्हणून वऱ्हाडात आंदोलन झाले होते आणि त्यात जीवही गेले होते. शेतकऱ्यांच्या पोरांनी शास्त्रज्ञांसाठी रस्त्यावर यावे, असे या देशात फार ठिकाणी घडलेले नाही. पुढच्या काळात विद्यापीठाने त्याचे फळ दिलेही. पीकेव्ही हायब्रीड-2, एएचएच-468, रजत ही नावे वऱ्हाडातल्या कोणत्याही जुन्या कास्तकाराला विचारा, तो झाडाची उंची अन् बोंडाचा आकार सांगेल. वाण विद्यापीठाचे होते, म्हणून सल्लाही विद्यापीठाचाच ऐकला जाई. शेतकरी मेळाव्याला बैलगाड्या भरून जायच्या.

26 मार्च 2002 ला दिल्लीत तीन बीटी संकरित वाणांना मंजुरी मिळाली. तिन्ही खाजगी. पहिल्या वर्षी 450 ग्रॅमच्या पाकिटाला सोळाशे रुपये पडत होते, तरी लोकांनी घेतले, कारण हिरव्या बोंडअळीने त्यांना आधीच रडवले होते आणि बीटीने ती खरोखरच थांबवली. हे मान्य केलेच पाहिजे. बीटीला सरसकट शिव्या घालणाऱ्यांनी 2002 च्या आधीच्या फवारण्या पाहिलेल्या नसतात. पण त्या मार्चनंतर दहा वर्षांत विद्यापीठाचे कापूस वाण दुकानातून जवळजवळ नाहीसे झाले आणि त्यांच्यासोबत विद्यापीठाचा शब्दही बाजारातून उठला. ज्याचे बियाणे, त्याचा सल्ला. बियाणे कृषी केंद्रावर, औषध कृषी केंद्रावर, उधारीही तिथेच. मग पहिला आणि शेवटचा शास्त्रज्ञही काउंटरमागेच बसलेला असणार.

एक वस्तू हातात घेऊन पाहा. बीटीच्या त्या 450 ग्रॅमच्या पाकिटासोबत 120 ग्रॅमची एक वेगळी पुडी यायची, बिगर-बीटी बियाण्याची. ती शेताच्या कडेने पेरायची. तिथे साध्या अळ्या वाढतील, बीटीवर तगलेल्या अळीशी त्यांचा संकर होईल आणि प्रतिकारशक्ती पसरायला वेळ लागेल, असा त्यामागचा हिशेब. साऱ्या तंत्रज्ञानाचे आयुष्य या पुडीवर टांगलेले. शेतकऱ्याच्या नजरेतून मात्र ती म्हणजे अळीसाठी मुद्दाम सोडलेली ओळ. पाच एकरवाल्याने कर्ज काढून अळी का पोसायची, हे त्याला कुणी बांधावर बसून सांगितले नाही. पुडी बांधावर फेकली गेली किंवा घरी कोपऱ्यात राहिली. मला यात शेतकऱ्याचा अडाणीपणा दिसत नाही. ज्या कागदावर हे लिहिले होते, तो लिहिणाऱ्याने वाचणाऱ्याचा विचार केला नव्हता, इतकेच दिसते.

आता पुढे या. ऑक्टोबर 2017. वॉर्डात कॅमेरे आले आहेत. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस येऊन गेले, मृतांच्या वारसांना दोन लाख जाहीर झाले, अमरावतीचे विभागीय आयुक्त पीयूष सिंह यांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमले गेले. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे गेली, शेकडो रुग्णालयात दाखल झाली. नोव्हेंबरमध्ये पाच औषधांवर यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा आणि वाशीम या पाच जिल्ह्यांत 60 दिवसांची बंदी आली: मोनोक्रोटोफॉस, अॅसिफेट, डायफेन्थियुरॉन आणि दोन मिश्रणे. साठ दिवस. तोवर फवारणीचा हंगामच सरला होता.

याच आठवड्यांत तुम्हाला शास्त्रज्ञ पहिल्यांदा दिसतात. ते टीव्हीवर आहेत, शिवारात आहेत, फुले उलगडून दाखवतायत. पाकळ्या गुलाबाच्या कळीसारख्या मिटून राहिल्या, की ती डोमकळी. आत अळी बसलेली. बोंड फोडून दाखवतायत. कामगंध सापळे लावा, दोन औषधे मिसळू नका, हंगामपूर्व लागवड टाळा, फरदड घेऊ नका, डिसेंबरनंतर शेत मोकळे करा. सल्ला अगदी बरोबर आहे. पण फरदड सोडायची म्हणजे शेवटच्या दोन वेचण्यांचे पैसे सोडायचे, आणि ओलित असलेला माणूस ते सहजी सोडत नाही. शिवाय मनात येते, हेच जूनमध्ये सांगितले असते तर?

त्यांच्या बाजूनेही एक गोष्ट बोलली पाहिजे. जिल्ह्यातल्या हजारो गावांपुढे मूठभर शास्त्रज्ञ आणि कृषी सहायकांच्या रिकाम्या खुर्च्या. जूनमध्ये ते बोलत नसतात असे नाही. तेव्हा कॅमेरा नसतो.

सप्टेंबर 2020 मध्ये प्रकरण थेट स्वित्झर्लंडला गेले. 51 बाधितांच्या वतीने तिथल्या यंत्रणेकडे एका बड्या कीटकनाशक कंपनीविरुद्ध तक्रार दाखल झाली. कंपनीने आरोप नाकारले. ज्यांना कळंबहून यवतमाळला जायला एसटीची वाट पाहावी लागते, त्यांची नावे स्वित्झर्लंडच्या कागदांत पोचली.

आणि तो लाल त्रिकोण? मोनोक्रोटोफॉस भाजीपाल्यावर वापरायला आपल्याकडे आधीच बंदी होती. जुलै 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेच्या मध्यान्ह भोजनात हेच विष उतरले आणि 23 मुले गेली. यवतमाळ 2017 मध्ये झाले. कपाशीवर मारायचे मोनोक्रोटोफॉस 36 टक्के एसएल बंद करण्याचा केंद्राचा आदेश निघाला तो 2023 मध्ये, तोही दुकानातला साठा संपवायला मुदत देऊन. यंदा कृषी केंद्रावर बाटली हातात आली, तर आधी तारीख आणि त्रिकोण पाहा, आणि दुकानदाराने जे सांगितले ते त्याच्याकडून बिलावर लिहून घ्या.