वाड्यातील तक्तपोशी

वाडा पाहायला गेलेला माणूस दिंडीदरवाजा पाहतो, चौक पाहतो, सुरूच्या खांबांवरून हात फिरवतो आणि बाहेर पडतो. मान वर करून छत पाहणारा क्वचितच. आम्हांला याचे कारण असे वाटते की, आपण वाड्यात उभ्याने हिंडतो. पण ज्यांच्यासाठी ते छत घडले, ते तेथे बसत असत. १७९० साली चार्ल्स मॅलेटने सवाई माधवरावांशी तह केला. त्या दरबाराचे टॉमस डॅनियलने १८०५ मध्ये, जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून, मोठे तैलचित्र केले. त्यात दरबार जमिनीवर बसलेला आहे, गोरे पाहुणेसुद्धा! गादीवर लोडाला टेकून बसले की नजर सहजच वर जाते.

तक्तपोशीचा जन्म मात्र शोभेसाठी झालेला नाही. वाड्याचा मजला कडीपाटाचा. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाट आणि पाटांवर मातीचा थर. वर कोणी पावले वाजवली की फटींतून माती खाली यायची. माजघरात ती चालत असे, पण दिवाणखान्यात सरदाराच्या पागोट्यावर कशी चालेल? म्हणून कड्यांखाली फळ्यांचे दुसरे छत ठोकीत. फळ्यांचे सांधे झाकायला पट्ट्या आल्या, पट्ट्या आडव्या-उभ्या गेल्या की चौकोन पडले, आणि मोकळा चौकोन पाहून ज्याचा हात शिवशिवत नाही तो सुतार कसला! त्याने तेथे कमळ कोरले. मधोमध हंडी-झुंबराची कडी बसली.

ही सारी लाकडाची करामत असल्यामुळे आगीने तिचा घास घेतला. १८२८ च्या आगीत शनिवारवाड्यातील महाल गेले. तट, दरवाजे आणि जोती उरली. १८७९ मध्ये विश्रामबागवाड्याचाही काही भाग जळाला.

आगीतून वाचलेले आता पाडकामात जाते. जुन्या खांबाला गिऱ्हाईक मिळते, दाराचे टेबल होते. तक्तपोशी मात्र एकाच खोलीच्या मापाची. तिथून उतरवली की तिच्या नुसत्या फळ्या होतात आणि त्या वखारीत फळ्यांच्याच भावाने जातात.

श्रोत्यांपैकी कोणाच्या घरी अशी तक्तपोशी अजून असेल आणि वाडा पाडायचे ठरले असेल, तर आमची एवढीच विनंती : आधी तिची मापे घ्या, छायाचित्र काढा. आणि ते उभ्याने काढू नका. खाली सतरंजी टाकून बसा, मग काढा.