म्हैसूरच्या बाजारातला बट्टा

रणधीर कंठीरव नरसराज वाडियार १६३८ साली श्रीरंगपट्टणच्या गादीवर आले आणि त्यांच्या टांकसाळीतून नृसिंहाची मूर्ती कोरलेला सोन्याचा एक चिमुकला हण बाहेर पडला. वजन म्हणाल तर ग्रॅमच्या तिसऱ्या हिश्शाएवढे. बोटांच्या फटीतून निसटला तर सापडायचा नाही. असे दहा हण म्हणजे एक कंठीरवी होन. गंमत अशी की हा होन हिशेबाच्या वहीपुरताच होता, नाणे म्हणून तो कधी पाडलाच गेला नाही. म्हणजे हाताला न लागणारा, केवळ आकड्यात नांदणारा पैसा म्हैसूरकरांना साडेतीनशे वर्षांपासून ठाऊक आहे. आज मोबाइलच्या पडद्यावरची शिल्लक पाहून ज्यांना नवल वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पुढे म्हैसूरची सत्ता हाती घेतलेल्या हैदरअलीने बिदनूर घेतल्यावर तिथलाच शिवपार्वतीचा होन चालू ठेवला, फक्त मागच्या बाजूला आपल्या नावाचे आद्याक्षर घातले. लोकांचा विश्वास ज्या छापावर बसला आहे तो बदलण्याच्या भानगडीत तो पडला नाही. व्यवहारातली ही हुशारी त्याच्या मुलात नव्हती. टिपूच्या तांब्याच्या नाण्यांवर हत्ती होता, आणि त्याने पैशाला ‘जोहरा’ म्हणजे शुक्र, अर्ध्या पैशाला ‘बहराम’ म्हणजे मंगळ अशी ग्रहगोलांची नावे दिली. नाणी देखणी होती, पण दर मुलखात, दर कारकिर्दीत वेगळे नाणे असले की सराफाचे फावते. परमुलखाचे किंवा झिजलेले नाणे बदलून घेताना सराफ जी वजावट करी तिला बट्टा म्हणत. १७९२ च्या श्रीरंगपट्टणच्या तहात टिपूवर तीन कोटी तीस लाख रुपयांची खंडणी बसली, तेव्हा नाणी पुऱ्या वजनाचीच हवीत अशी अट घातली गेली ती या बट्ट्याच्या धाकानेच. टिपूविरुद्धच्या त्या मोहिमेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या मराठी छावणीतही नाण्यांची पारख करणारे सराफ होतेच. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये उभा राहणारा हा तिसरा माणूस. आपण इथून पुढे त्याच्याच मागावर चालणार आहोत.

टिपू पडल्यावर, १७९९ नंतर, तिसरे कृष्णराज वाडियार यांनी ‘मयिली कासु’ नावाची तांब्याची नाणी काढली. त्यांवर कानडीबरोबर इंग्रजी अक्षरेही आहेत. खरा धनी कोण हे त्या इंग्रजी अक्षरांवरून कळते. १८३५ साली कंपनी सरकारने हिंदुस्थानभर एकाच वजनाचा रुपया लागू केला आणि १८४३ मध्ये म्हैसूर संस्थानची टांकसाळ बंद झाली. नाणे एक झाले, सराफाची गादी डळमळली. पण १८६१ च्या कायद्याने सरकारी कागदी नोट आली आणि बट्टा मागच्या दाराने परतला. देशाची मंडळे पाडलेली होती. एका मंडळाची नोट दुसऱ्या मंडळात घेण्याचे बंधन कोणावर नव्हते, घेतलीच तर कापून घेत. पाच रुपयांची नोट ब्रह्मदेश वगळता सर्वत्र चालू लागायला १९०३ साल उजाडले, शंभराच्या नोटेला १९११.

त्याच सुमारास म्हैसूर शहराचा बाजार आजच्या रूपात उभा राहत होता. व्हाइसरॉय डफरिन यांच्या १८८६ च्या भेटीची आठवण सांगणारा छोटा घड्याळ-मनोरा, त्याला लागून देवराज मार्केट, आणि बाजूने जाणारा, बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे नाव मिरवणारा सय्याजी राव रस्ता. मोगऱ्याच्या माळा, विड्याची पाने, नंजनगूडची रसबाळे केळी, कुंकवाच्या रंगीत राशी. दिवाण विश्वेश्वरय्यांच्या प्रयत्नाने २ ऑक्टोबर १९१३ रोजी म्हैसूर बँक सुरू झाली. ती पुढे स्टेट बँक ऑफ म्हैसूर झाली. मधल्या माणसाच्या जागी आता पाटी लावलेली, छापील पावती देणारी संस्था आली, ही मोठीच सुधारणा. गल्ल्यावरचा गोंधळ मात्र संपला नव्हता. १ एप्रिल १९५७ ला सोळा आण्यांचा रुपया शंभर नव्या पैशांचा झाला. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे; तो पाव पैसा कोणाच्या खिशात गेला हे विचारायची सोय नव्हती. माझ्या मते तोही एक बट्टाच.

नोटांच्या छापखान्याचे गाव म्हणून मराठी माणसाला नाशिक आठवते. तिथे १९२८ पासून नोटा छापल्या जातात. १९९६ साली रिझर्व्ह बँकेच्या नोटमुद्रण कंपनीचा छापखाना म्हैसुरात सुरू झाला आणि कंठीरवांच्या मुलखात पुन्हा एकदा पैसा घडू लागला. पुढे नोटेचा कागदही तिथेच बनू लागला. हा छापखाना सुरू होण्याच्या थोडे आधी, १९९४ मध्ये, जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांनी मोटारींचे सुटे भाग ओळखता यावेत म्हणून काळ्यापांढऱ्या चौकटींचा एक ठसा तयार केला होता, तो क्यूआर कोड. छापखाना आणि ठसा यांची गाठ पडली २०१६ साली. ११ एप्रिलला मोबाइलवरून पैसे देण्याच्या यूपीआयची घोषणा झाली, ८ नोव्हेंबरला नोटाबंदी. दोन हजारांच्या गुलाबी नोटा म्हैसूरच्या छापखान्यातूनही निघाल्या, आणि त्या मोडून मिळेनात म्हणून तिथल्याच फुलवाल्यांनी क्यूआरचे फलक टांगले. पुढच्या १ एप्रिलला स्टेट बँक ऑफ म्हैसूर भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली.

कार्डवाल्या कंपन्या दुकानदाराकडून शेकडा दीड-दोन रुपये घेत, तो जुना सराफी बट्टाच होता. जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय व्यवहारांवर दुकानदाराकडून असा बट्टा घेणे बंद झाले. इतका स्वस्त मध्यस्थ बाजाराच्या इतिहासात झाला नाही, आणि फुलांची माळ अजूनही हाताने मापून देणाऱ्या बाईला सुट्ट्या पैशांची कटकट उरली नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण हा मध्यस्थ काही विसरत नाही. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकच्या वाणिज्य कर खात्याने यूपीआयवर जमा झालेल्या रकमा मोजून हजारो छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या. त्यांत भाजी आणि दूध असा करमुक्त माल विकणारेही सापडले. बंगळूरमध्ये क्यूआरचे फलक उतरले, ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. शेवटी मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांना, तेही म्हैसूर जिल्ह्यातलेच, व्यापाऱ्यांना बोलावून समजूत काढावी लागली. सराफ नाण्यातून सोने कापून घेई. आताचा मध्यस्थ आपल्या व्यवहाराची नोंद ठेवून घेतो, आणि मला हा बट्टा हलका वाटत नाही. कर चुकवणाऱ्याची बाजू मी घेत नाही. पण रोजच्या गल्ल्यावर पोट असणाऱ्याने कोणती नोंद कोणाकडे जाते हे न कळता धंदा करावा, हेही न्यायाचे नाही.

नोव्हेंबर २०१६ च्या आरंभी देशात सुमारे १८ लाख कोटी रुपयांच्या नोटा फिरत होत्या. मार्च २०२५ मध्ये हा आकडा ३६ लाख कोटींच्या वर गेला. यूपीआय वाढत असताना नोटाही दुपटीने वाढल्या. तेव्हा देवराज मार्केटात, किंवा आपल्या गावच्या मंडईत, कोणी रोख मागितली तर कपाळाला आठ्या घालू नका. थोडे सुटे खिशात ठेवा.