हॉर्नची आठवण

मैत्रिणींनो, ‘छाया’ सिनेमातलं तलत आणि लताबाईंचं गाणं आपण भांडी घासताना कितीदा गुणगुणलं असेल! त्याची चाल सलील चौधरींनी मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीवरून बांधली. आज आम्ही त्याच्या पहिल्या सिंफनीबद्दल सांगणार आहोत.

१७६४ सालचं लंडन. वडील आजारी, म्हणून घरात वाजवायला बंदी. आठ वर्षांचा मोझार्ट मग कागदावरच सिंफनी लिहू लागला. शेजारी बसून उतरवून घ्यायला तेरा वर्षांची बहीण, नानेर्ल. हॉर्नला काहीतरी चांगलं द्यायची आठवण कर, असं त्याने बजावलं होतं, हे पुढे तिनेच सांगितलं.

सिंफनी तेव्हा आटोपशीर असे. ऑपेराआधी वाजणाऱ्या संगीतातून ती आली: जलद, संथ, पुन्हा जलद. गाणं नाही. इथे व्हायोलिनचा ताफा, सनईच्या जातीचे दोन ओबो, दोन हॉर्न. सुरुवातीला सगळे दणक्यात वाजवतात आणि लगेच हळू होतात, आपल्या गोंदियात वरात दवाखान्यासमोर आली की बँड होतो तसे. हा ढंग लंडनमध्येच राहणाऱ्या योहान क्रिस्तियान बाखचा. संथ भागात हॉर्नला चार सूर मिळाले: सा रे म ग. १७८८ साली मोझार्टच्या शेवटच्या सिंफनीत तेच परत आले.

नानेर्लही हार्पसिकॉर्ड उत्तम वाजवी. दौऱ्यांत दोघांचे कार्यक्रम होत. १७६९ साली बापलेक इटलीला निघाले, तेव्हा अठरा वर्षांची नानेर्ल आईसोबत घरी राहिली. तिने रचलेल्या एका गाण्याचं भावाने पत्रातून कौतुक केलं. ते गाणं आज कुठेच सापडत नाही.