दोन हरिणी

कार्टून म्हटलं की आपल्या घराघरांत एकच वाक्य ऐकू येतं. "बघत बसू दे गं त्याला, तेवढाच घास पोटात जातोय." कार्टून म्हणजे पोराला भरवायचं साधन, यापलीकडं आपण त्याचा विचार करत नाही. आपली आज्जी गोष्ट सांगायची तेव्हा कुठली गोष्ट कुठल्या वयाला, हे तिला पक्कं ठाऊक असायचं. ते काम आता पडद्याकडं गेलंय. मग तो पडदा आपल्या लेकरांना काय सांगत आलाय, हे एकदा बसून बघायला नको का? म्हणून मी हा इतिहास चाळला. चाळताना एकच प्रश्न धरून ठेवला : या गोष्टींत आईचं आणि मुक्या जिवाचं काय होतं?

सुरुवात आपल्या महाराष्ट्रातच सापडते. दादासाहेब फाळके 'राजा हरिश्चंद्र'च्या आधी एका कुंडीसमोर कॅमेरा लावून बसले. बी रुजल्यापासून त्याचा वेल होईपर्यंत एकेक चौकट टिपत गेले. ती चित्रपट्टी म्हणजे 'अंकुराची वाढ'. स्थिर चित्रं ओळीनं दाखवली की ती हलतात, ही सगळ्या कार्टूनांची मूळ युक्ती त्यात आहे. पुढं 'आगकाड्यांची मौज' या छोट्या चित्रपटात त्यांनी काड्यापेटीतल्या काड्या नाचवल्या. या सगळ्या खटाटोपात सरस्वतीबाई फाळके घर सांभाळून फिल्म धुण्यापासून भोकं पाडण्यापर्यंतची कामं करत होत्या. मग 'प्रभात'. ही कंपनी 1929 साली कोल्हापुरात उभी राहिली, 1933 मध्ये पुण्याला गेली आणि तिथं 'जंबूकाका' नावाचं कार्टून निघालं. जंबू म्हणजे कोल्हा. पंचतंत्रातला हा लबाड जंबुक आपल्या आज्ज्यांच्या तोंडी होताच, आता तो पडद्यावर आला.

तिकडं अमेरिकेत 1937 साली वॉल्ट डिस्ने यांचा 'स्नो व्हाइट' आला. तासाभराहून मोठी गोष्ट, सगळी हातानं काढलेली. एका सेकंदाला 24 चौकटी. सत्तर मिनिटांचा चित्रपट म्हणजे एक लाखाच्या वर चौकटी होतात, हिशेब करून बघा की. पारदर्शक पट्ट्यांवर रेषा गिरवायचं आणि रंग भरायचं काम बायकांचं, पण पात्रं हलवायची मूळ चित्रं काढायची ती पुरुषांनी, असा तिथला रिवाज. 1938 साली एका मुलीनं तिथं काम मागितलं, तर असलं सर्जक काम स्त्रिया करत नाहीत, अशा अर्थाचं उत्तर तिला छापील कागदावर आलं.

आणि 1942 साली 'बांबी' आला. जंगलातलं हरणाचं पाडस, त्याची आई, हिवाळा संपताना उगवलेलं पहिलं कोवळं गवत. आई म्हणते पळ. पाडस पळतं. मागं बंदुकीचा आवाज येतो. पाडस वळून बघतं तर आई नाही. मेलेली हरिणी पडद्यावर दाखवलेली नाही, शिकारीही संपूर्ण चित्रपटात कुठं दिसत नाही. तरी ऐंशी वर्षं झाली, हा प्रसंग बघून लेकरं रडतात आणि त्यांच्या आयाही. त्या काळात अमेरिकेतल्या शिकाऱ्यांनी या चित्रपटाविरुद्ध तक्रार केली होती. याच 'बांबी'मध्ये रेटा स्कॉट या बाईंना चित्रं हलवण्याचं श्रेय डिस्नेच्या पडद्यावर पहिल्यांदा नावानिशी मिळालं. त्यांनी काढलं काय, तर शिकारी कुत्र्यांची झुंड. बाईच्या हाताला नाजूक काम द्यावं, असं म्हणणाऱ्यांनी ती कुत्री जरूर बघावीत.

पण माझी गोष्ट पुढंच आहे. 'बांबी'वर काम केलेले क्लेअर वीक्स नावाचे चित्रकार भारतात जन्मलेले, मिशनरी घरातले. 1956 साली मुंबईत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग सुरू झाला, तेव्हा तिथल्या तरुणांना शिकवायला ते आले. त्या विभागानं 1957 साली केलेला चित्रपट म्हणजे 'द बनियन डिअर'. गोष्ट जातकातली. राजा रोज शिकार करतो. धावपळीत सगळीच हरणं जखमी होतात, म्हणून हरणं ठरवतात की रोज पाळीनं एकानं जायचं. एक दिवस पाळी येते गाभण हरिणीची. ती म्हणते, पिल्लू होऊ दे, मग जाते. तिच्या कळपाचा नायक ऐकत नाही. तेव्हा दुसऱ्या कळपाचा राजा, वडाच्या नावाचं हरीण, तिच्या जागी जाऊन ठोकळ्यावर मान ठेवतं. राजा थक्क होतो, दोघांनाही अभय देतो. हरीण विचारतं, आणि बाकीच्यांचं काय? असं विचारत विचारत हरणं, मग सगळे चौपाये, पाखरं, मासे, सगळ्यांसाठी ते अभय मागून घेतं.

बघा, पंधरा वर्षांच्या अंतरानं दोन हरिणी. एक मरते आणि आपण रडतो. दुसरी वाचते, कारण कुणीतरी तिच्या जागी उभं राहिलं. पहिल्या गोष्टीत मारणारा दिसतच नाही, म्हणून त्याला कुणी काही विचारू शकत नाही. दुसरीत मारणारा समोर आहे, त्याला प्रश्न विचारला जातो आणि तो बदलतो. मला तर हाच सगळ्यात मोठा फरक वाटतो.

गोष्ट बौद्धांची आहे, पण आपल्याला ती परकी वाटत नाही. आपल्या नेमिनाथ भगवानांची कथा आठवा. लग्नाच्या वरातीत त्यांनी जेवणावळीसाठी कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकला आणि रथ तिथूनच फिरवला. बेळगावच्या किल्ल्यात 1204 साली बांधलेल्या कमल बस्तीत नेमिनाथांची मूर्ती आहे. छतावर दगडाचं कमळ, त्याला 72 पाकळ्या, भूत-वर्तमान-भविष्य अशा तिन्ही काळांतल्या चोवीस-चोवीस तीर्थंकरांच्या. दर्शनाला आपण जातो, वर मान करून कमळही दाखवतो. पण खाली उभ्या लेकराला त्या कोंडलेल्या जनावरांची गोष्ट किती जणी सांगतो?

1974 साली फिल्म्स डिव्हिजननंच 'एक अनेक और एकता' काढला. दूरदर्शनवर तो इतक्यांदा लागला की आपल्या पिढीला पाठ आहे. दिग्दर्शिका विजया मुळे. छत्तीस वर्षांपूर्वी जे काम बाईचं नव्हे म्हणून नाकारलं जात होतं, तिथं आता दिग्दर्शनाला बाईचं नाव. यातही शिकारी आहे, जाळं आहे, पण चिमण्या एकजुटीनं जाळं घेऊन उडतात आणि उंदीर ते कुरतडतात. कुणी मरत नाही. सात मिनिटांत काम झालं.

मग नव्वदचं दशक, रविवारची सकाळ आणि मोगली. जपानी मालिका, हिंदीत आणलेली, 52 भागांची. डिस्नेच्या 1967 च्या 'जंगल बुक'मध्ये लांडगीण क्षणभर दिसते आणि जाते. या मालिकेत मात्र माणसाचं पोर वाढवणारी लांडगीण आई आठवड्यामागून आठवडे आपल्याला भेटली. 1994 च्या 'लायन किंग'मध्ये बाप मरतो, आई जिवंत राहते. सिंह हरणं खातो, मरून माती होतो, त्या मातीतलं गवत हरणं खातात, असं बाप बछड्याला समजावतो. हिशेब बरोबर आहे, पण त्यात हरणाला कुणी विचारलेलं नाही.

1995 च्या 'टॉय स्टोरी'पासून काम संगणकावर गेलं. 2003 च्या 'फाइंडिंग नेमो'त आई पहिल्या काही मिनिटांतच जाते. त्यातले शार्क मासे न खाण्याचं व्रत घेतात, पण रक्ताचा वास आला की एकाचं व्रत मोडतं. मुलं हसतात. व्रत घेणं सोपं आणि वास आल्यावर पाळणं अवघड, हे दशलक्षणातले उपास केलेल्या बाईला वेगळं सांगायला नको. आपल्याकडं 2005 साली व्ही. जी. सामंतांचा 'हनुमान' आला आणि पौराणिक कार्टूनांची रांग लागली. 2013 च्या 'फ्रोझन'मध्ये बहीण बहिणीला वाचवते. त्या चित्रपटाच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक जेनिफर ली. डिस्नेच्या मोठ्या कार्टूनपटाला बाईचं नाव दिग्दर्शक म्हणून लागायला 'स्नो व्हाइट'नंतर 76 वर्षं जावी लागली.

तेव्हा जुनं ते सोनं आणि नवं ते टाकाऊ, असं मी म्हणणार नाही. रंग, हालचाल, पाण्याचा थेंब, केसाचा पोत, यात नवी कार्टूनं कितीतरी पुढं आहेत. पण गोष्टीची उंची मोजायची तर 1957 च्या त्या छोट्या चित्रपटाजवळ आजही फार कमी जण पोचतात.

हे सगळं आम्हा जांबोटीकडच्या बायांना का महत्त्वाचं? आमच्या पोरांना रान पडद्यावर बघावं लागत नाही. भीमगडचं जंगल दाराशी आहे. गवे भातात उतरतात, रानडुकरं एका रात्रीत वर्षाचं पीक लोळवतात. अशा वेळी दया फुकट येत नाही, तिची किंमत पोत्यात मोजावी लागते. बंदूक घ्यावी म्हणणारा माणूस राक्षस नसतो, त्याचं पीक गेलेलं असतं. म्हणूनच न दिसणाऱ्या शिकाऱ्याची गोष्ट आम्हाला पुरत नाही. पाळी लावून का होईना, समोरासमोर बोलणाऱ्या राजाची आणि हरणाची गोष्ट पाहिजे.

पाठशाळेच्या बायांनो, महिन्यातून एक रविवार हे करून बघा. मुलांना आधी 'बांबी'तला तो प्रसंग दाखवा, मग वडाच्या हरणाची गोष्ट सांगा, मग नेमिनाथांची. शेवटी एवढंच विचारा : तू राजा असतास तर काय केलं असतंस, आणि तुझं पीक गेलं असतं तर? उत्तर लगेच सांगू नका. पोरं भांडतील, भांडू दे. घरी गेल्यावर त्यांच्या अण्णा-आप्पांनाही ती तेच विचारतील.

घास भरवताना कार्टून लावायचंच असेल तर लावा. फक्त दोन घासांच्या मध्ये शेजारी बसून विचारा, "त्याची आई कुठं गेली रे?"