एका वाक्याची दुरुस्ती : प्रकाश, उष्णता आणि चुंबक

2013 साली एका दिवाळी अंकात माहिती साठवण्याच्या इतिहासावर माझा लेख छापून आला होता. त्यात एक वाक्य मी मोठ्या दिमाखात लिहिले होते : प्रकाशाला उजवा पीळ दिला की चुंबकावर ‘एक’ लिहिला जातो, डावा दिला की ‘शून्य’. लेख बऱ्याच जणांना आवडला. महिन्याभराने एका निवृत्त प्राध्यापकांचे पोस्टकार्ड आले. ते वाक्य पुन्हा तपासा, आदल्या वर्षीचे काम तुम्ही वाचलेले दिसत नाही, एवढाच मजकूर होता.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. पदार्थविज्ञान शिकलो ते वाचनालयात बसून, वह्या भरून. पोस्टकार्ड झोंबले हे खरे. पण तपासायला बसलो आणि माझ्या चुकीपेक्षा कितीतरी मोठी गोष्ट हाती लागली. त्या पोस्टकार्डाला दिलेले हे उशिराचे उत्तर समजावे.

चुंबक तापवला की त्याचे चुंबकत्व जाते, ही जुनी ओळखीची गोष्ट. प्येर क्युरी यांनी 1895 साली तिचा पद्धतशीर अभ्यास मांडला. प्रत्येक चुंबकीय पदार्थाचे असे एक ठरावीक तापमान असते; निकेलचे सुमारे 358 अंश सेल्सिअस. त्यामुळे चुंबकावर माहिती साठवणाऱ्यांनी उष्णतेला शत्रूच मानले. आयबीएमने 1956 साली पहिली हार्ड डिस्क आणली, तिच्यात 24 इंची 50 तबकड्या होत्या आणि साठवण जेमतेम 5 मेगाबाइटची. आकार पुढे कितीही आक्रसला तरी लिहिण्याची रीत तीच राहिली : वेटोळ्यातून वीज सोडायची, चुंबकीय क्षेत्र तयार करायचे, त्या क्षेत्राने बारीकशा चुंबकाचे तोंड फिरवायचे. नंतर आलेल्या मॅग्नेटो-ऑप्टिकल तबकड्यांत लेसर होता, पण तो जागा तापवून नरम करण्यापुरता. दिशा द्यायला बाहेरचा चुंबक लागेच.

1996 साली फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथे एरिक बोरपेर, जाँ-इव्ह बिगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निकेलच्या अतिशय पातळ थरावर 60 फेम्टोसेकंदांचा लेसर स्पंद सोडला. एका सेकंदात तीन लाख किलोमीटर जाणारा प्रकाश 60 फेम्टोसेकंदांत फक्त 18 मायक्रोमीटर जातो. केसाच्या जाडीइतकेही नाही. थरावरून परतलेल्या प्रकाशाचे ध्रुवीकरण किती वळते, यावरून चुंबकत्व मोजता येते. जॉन केर यांना हा परिणाम 1870 च्या दशकात सापडला होता. मोजमाप सांगत होते की चुंबकत्व एका पिकोसेकंदाच्या आतच घसरले. इतक्या लवकर ते हलेल अशी अपेक्षा नव्हती. या एका प्रयोगातून एक नवी शाखाच उभी राहिली.

माझे वाक्य आले ते 2007 च्या प्रयोगातून. नेदरलँड्समधल्या नाइमेखन इथे स्टॅन्सियू, किमेल, किरिल्युक, रासिंग आणि सहकाऱ्यांनी गॅडोलिनियम, लोह आणि कोबाल्ट यांच्या मिश्रधातूच्या थरावर 40 फेम्टोसेकंदांचे, वर्तुळाकार ध्रुवीकरण असलेले स्पंद सोडले. थर जपानमधल्या त्सुकामोटो आणि इतो यांचे होते. उजव्या पिळाचा प्रकाश फिरवला तर एक दिशा उमटे, डाव्या पिळाचा फिरवला तर उलटी. बाहेरचा चुंबक मुळीच नव्हता. पिळामुळे पदार्थात क्षणभर चुंबकीय क्षेत्रासारखा परिणाम होतो, हे 1960 च्या दशकापासून ठाऊक होते. तेव्हा पीळच लिहितो, हा निष्कर्ष सहज पटण्याजोगा होता. मलाही पटला.

पुढची पायरी 2011 ची. या मिश्रधातूत लोहाचे आणि गॅडोलिनियमचे चुंबकत्व एकमेकांविरुद्ध तोंड करून बसलेले असते. बर्लिनमध्ये क्ष-किरणांनी दोघांना वेगवेगळे पाहिले, तेव्हा दिसले की स्पंद पडताच लोहाचे चुंबकत्व सुमारे 300 फेम्टोसेकंदांत कोसळते, तर गॅडोलिनियमचे कोसळायला दीड पिकोसेकंद लागतो. मधल्या काळात लोह उलटे फिरते आणि क्षणभर दोघे एकाच दिशेला तोंड करून उभे राहतात. मग त्यांचे जुने वैर जागे होते आणि गॅडोलिनियमलाही फिरावे लागते.

या साऱ्यात पिळाला कामच कुठे आहे? 2012 साली ऑस्लर आणि सहकाऱ्यांनी हेच दाखवले. पीळ नसलेला साधा स्पंद, म्हणजे नुसती उष्णता, चुंबक उलटवायला पुरते. अट एकच, ती अतिशय झटकन यायला हवी. पहिला स्पंद उलटवतो, दुसरा पुन्हा सुलटा करतो. मग 2007 मध्ये पिळाने फरक कसा पडला? नाइमेखनच्याच गटाने त्याच वर्षी उत्तर दिले : चुंबकाच्या दिशेनुसार एका पिळाचा प्रकाश थोडा जास्त शोषला जातो, एवढेच. स्पंदाची ताकद नेमकी उंबरठ्यावर असली की तो थोडासा फरक निर्णायक ठरतो.

हे शोधनिबंध समोर ठेवून मी लेखकांच्या याद्या ताडून पाहिल्या. किमेल, किरिल्युक, रासिंग, त्सुकामोटो, इतो ही नावे 2007 च्या दाव्यावर आहेत आणि 2012 च्या दोन्ही निबंधांवरही आहेत. आपल्याच गाजलेल्या निष्कर्षाला कात्री लावण्यात ते स्वतः सामील होते. माझे वाक्य छापून आले तेव्हा ते त्यांनी आधीच मागे टाकलेले होते.

कथा इथेच थांबत नाही. 2014 साली मांजाँ, फुलर्टन आणि सहकाऱ्यांनी कोबाल्ट-प्लॅटिनमसारख्या साध्या लोहचुंबकीय थरांवर प्रकाशाच्या पिळाने दिशा ठरते असे दाखवले. मात्र तिथे एका स्पंदाने भागत नाही, अनेक लागतात हे पुढे दिसले. म्हणजे माझे वाक्य पूर्ण खोटे नव्हते. मी ते चुकीच्या पदार्थाला लावले होते. बाजारात अजून यातले काही आलेले नाही. सीगेट कंपनीने जानेवारी 2024 मध्ये 30 टेराबाइटच्या ज्या ड्राइव्ह जाहीर केल्या त्यांत लेसर आहे, पण तापवण्यापुरताच. लिहितो तो चुंबकच.

ते पोस्टकार्ड माझ्या त्या वर्षीच्या वहीत आहे. दुरुस्त वाक्य मी त्याच्याखाली लिहून ठेवले आहे : गॅडोलिनियम, लोह आणि कोबाल्टच्या थरात चुंबक उलटवते ती उष्णता, पीळ फक्त तिचे माप किंचित कमी-जास्त करतो.