तापाच्या बाटलीमागचा इतिहास

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेत पोराचं अंग तापलं की आई त्याच्या हातावर संत्र्याच्या चवीची ॲस्पिरिनची गोळी ठेवायची. मोठ्यांची गोळी ३२५ मिलिग्रॅमची, मुलांची तिच्या पाव हिश्शाची, म्हणजे ८१ मिलिग्रॅमची. (तिथले हृदयरोगी आज रोज घेतात ती ८१ची गोळी मूळची ही.) मुलांनी खळखळ न करता घ्यावी म्हणून ती गोड केली होती. मुलांना ती इतकी आवडली, की कपाटातली बाटली हाती लागताच ती मूठभर गोळ्या खाऊन मोकळी होऊ लागली. विषबाधा होऊन दवाखान्यात येणाऱ्या पाच वर्षांखालच्या मुलांत ॲस्पिरिन हे अगदी वरचं कारण ठरलं. कॅनडातल्या विंडसर शहरातले बालरोगतज्ज्ञ आँरी ब्रो अशी मुलं पाहून हैराण झाले होते. त्यांच्या प्रयत्नांतून १९६७ साली दाबून फिरवायचं झाकण तयार झालं. १९७०मध्ये अमेरिकेने अशा बंदोबस्ताच्या वेष्टनासाठी कायदाच केला.

झाकणामुळे चोरून खाणं आटोक्यात आलं. पण आईने मोजून दिलेल्या गोळीचं काय?

सिडनीच्या मुलांच्या रुग्णालयातले विकृतिशास्त्रज्ञ डग्लस राय यांनी १९६३मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये २१ मुलांची हकिगत छापली. साध्या आजारातून उठत असलेलं मूल अचानक उलट्या करू लागायचं, बरळायचं, बेशुद्ध व्हायचं. मेंदूला सूज, यकृतात चरबी. २१ पैकी १७ मुलं दगावली. या आजाराला पुढे राय सिंड्रोम म्हणू लागले, पण कारण कुणालाच उमगलं नव्हतं. १९८०च्या सुमारास अमेरिकेतल्या काही राज्यांतल्या पाहण्यांतून धागा हाती आला: फ्लू किंवा कांजिण्यांच्या तापात ॲस्पिरिन घेतलेल्या मुलांत हा आजार ठळकपणे जास्त दिसत होता. बाटलीवर तसा इशारा छापावा असं १९८२मध्ये सरकारच्या मनात आलं, उत्पादकांनी विरोध केला, आणि इशारा सक्तीचा व्हायला १९८६ साल उजाडलं. ही चार वर्षं वाया गेली असंच म्हणावं लागतं, कारण त्यानंतरचे आकडे बोलके आहेत. १९८०मध्ये अमेरिकेत राय सिंड्रोमच्या ५५५ मुलांची नोंद झाली होती. १९८७नंतर कोणत्याही वर्षी ती ३६च्या वर गेली नाही. ब्रिटननेही १९८६मध्येच बारा वर्षांखालच्या मुलांचं ॲस्पिरिन बंद केलं.

ॲस्पिरिनची जागा घ्यायला पॅरासिटामॉल तयार होतं, तेही बरीच वर्षं अडगळीत पडून. ते प्रयोगशाळेत बनलं १८७०च्या दशकात. जर्मनीत फॉन मेरिंग यांनी १८९३मध्ये ते रुग्णांना देऊन पाहिलं आणि बाजूला टाकलं. मग १९४८मध्ये न्यूयॉर्कला ब्रॉडी आणि ॲक्सेलरॉड यांनी दाखवून दिलं, की ॲसिटॅनिलाइड हे जुनं औषध शरीरात गेल्यावर त्याचं पॅरासिटामॉल होतं आणि खरा गुण त्याचाच असतो. ॲसिटॅनिलाइडने रुग्ण निळे पडत. पॅरासिटामॉलने तसं होत नव्हतं. अमेरिकेत १९५५मध्ये ते ‘टायलेनॉल’ या नावाने आलं, तेही मुलांसाठीच, पातळ औषधाच्या रूपात. त्याचं खोकं आगीच्या बंबासारखं लालभडक होतं. जास्त मात्रा झाली तर हे औषध यकृतावर उठतं, हे १९६६मध्ये कळलं. पुढे त्यावर उताराही मिळाला.

पॅरासिटामॉलच्या इतिहासातलं सर्वांत काळं पान मात्र औषधाचं नाही, ते ज्यात विरघळवलं त्या द्रवाचं आहे. पॅरासिटामॉल पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून पातळ औषधात प्रॉपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन वापरतात. त्यांच्यासारखंच गोड आणि दाट असतं डायएथिलीन ग्लायकॉल. ते स्वस्त असतं, कारखान्यात वापरलं जातं आणि मूत्रपिंडं निकामी करतं. ढाक्यात १९९०पासून लघवी बंद झालेली मुलं एकामागून एक रुग्णालयात येऊ लागली. कारण न समजलेल्या ३३९ मुलांपैकी २३६ गेली. त्यांनी घेतलेल्या पॅरासिटामॉलच्या बाटल्यांत हेच विष सापडलं. हैतीत १९९५-९६मध्ये तेच घडलं, ऐंशीहून अधिक मुलं गेली. मुंबईला तर हा धडा त्याआधीच मिळाला होता. १९८६मध्ये जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन यांचा आयोग नेमला गेला, आणि औषध तपासणीच्या यंत्रणेचे धिंडवडे त्याच्या अहवालात निघाले. ताप उतरवणारं औषध निर्दोष आणि बाटली जीवघेणी, हे एकदा घडलं तर अपघात म्हणता येईल. ते पुन्हा पुन्हा घडत राहिलं, याचा संताप यायलाच हवा.

आयबुप्रोफेन तिसरं. नॉटिंगहॅमच्या बूट्स कंपनीत स्ट्युअर्ट ॲडम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधलं, १९६९मध्ये ब्रिटनमध्ये ते आलं, मुलांपर्यंत पोचायला आणखी वीस वर्षं लागली. ॲस्पिरिनने पोळलेल्या डॉक्टरांनी या वेळी आधी पुरावा मागितला. बोस्टनच्या संशोधकांनी ताप आलेल्या ८४,१९२ मुलांना चिठ्ठ्या टाकल्यासारखं वाटून आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल दिलं. १९९५मध्ये निष्कर्ष छापून आला, की पोटातला रक्तस्राव किंवा मूत्रपिंडाच्या बिघाडाने रुग्णालयात जाण्याचा धोका दोन्हींत जवळपास सारखाच. तरी आपल्याकडे पावसाळ्यात ताप आला, की बालरोगतज्ज्ञ आधी पॅरासिटामॉलच लिहितात. तो ताप डेंग्यूचा निघाला तर आयबुप्रोफेनने रक्तस्राव वाढू शकतो.

भारतात आणखी एक नाव घरोघरी पोचलं होतं: निमेसुलाइड. अमेरिकेने ते कधीच मंजूर केलं नाही, पोर्तुगालने १९९९मध्ये मुलांसाठी बंद केलं. ताप झटकन उतरतो म्हणून आपल्याकडे ते वर्षानुवर्षं दिलं गेलं. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी त्यावर बंदी आली २०११मध्ये.

त्याच २०११मध्ये अमेरिकेतल्या उत्पादकांनी बाळांचे पॅरासिटामॉलचे दाट ड्रॉप्स बंद करून पाच मिलिलिटरला १६० मिलिग्रॅम ही एकच तीव्रता ठेवायचं ठरवलं, कारण ड्रॉप्स आणि सिरप यांत गफलत होऊन बाळांना जास्त मात्रा जात होती. आपल्या मेडिकलच्या दुकानात आजही ड्रॉप्स एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचे आणि सिरप पाच मिलिलिटरला १२० किंवा २५०चं मिळतं. दर किलोला १५ मिलिग्रॅम धरले तर दहा किलोच्या बाळाला १५० मिलिग्रॅम लागतात: ड्रॉप्स दीड मिलिलिटर, १२०चं सिरप सव्वासहा, २५०चं तीन. सव्वासहा हा आकडा लक्षात ठेवून कुणी ड्रॉप्सच मोजले, तर बाळाच्या पोटात चौपट औषध जातं.