होम्सला सोडून निघालेला नट

१/ जून १९४६ मध्ये अमेरिकेत ‘ड्रेस्ड टू किल’ हा शेरलॉक होम्सचा चित्रपट प्रदर्शित झाला. होम्स होते बॅसिल रॅथबोन, तर डॉ. वॉटसन होते नायजेल ब्रूस. १९३९ पासून चालत आलेल्या मालिकेतील हा चौदावा आणि अखेरचा चित्रपट. पडद्यावरचा होम्स धडधाकट होता. मग मालिका थांबली कशामुळे?

२/ पहिले दोन चित्रपट फॉक्स कंपनीचे होते आणि त्यांत व्हिक्टोरिया राणीच्या काळातील लंडन होते. १९४२ मध्ये युनिव्हर्सलने सूत्रे हाती घेतली आणि होम्सला थेट दुसऱ्या महायुद्धात आणून सोडले. घोडागाडी गेली, मोटार आली. नाझी हेर होम्सचे शत्रू झाले. युनिव्हर्सलच्या बारा चित्रपटांपैकी अकरा चित्रपटांचे दिग्दर्शन रॉय विल्यम नील यांनी केले.

३/ १९४६ पर्यंत युद्ध संपले होते. अखेरच्या चित्रपटात प्रश्न आहे तो पैशांचा. बँक ऑफ इंग्लंडचे पाच पौंडांच्या नोटा छापण्याचे ठसे चोरीला गेले आहेत. चोर डार्टमूरच्या तुरुंगात आहे. तिथे त्याने बनवलेल्या तीन संगीतपेट्या लिलावात विकल्या जातात. तिन्ही दिसायला सारख्या, पण प्रत्येकीच्या सुरावटीत किंचित फरक. त्या फरकातच ठशांचा ठावठिकाणा दडलेला आहे.

४/ या मालिकेतला वॉटसन भोळा आणि धांदरट म्हणून ओळखला जातो. तरीही अखेरच्या प्रकरणाच्या दोन्ही किल्ल्या त्याच्याच बोलण्यातून मिळतात. पियानोच्या पट्ट्यांना क्रमांक देण्याची त्याची एक आठवण होम्सला सांकेतिक लिपीकडे नेते, आणि त्याने सहज घेतलेले डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांचे नाव ठसे लपवलेल्या जागेकडे.

५/ खलनायिका हिल्डा कोर्टनी (पॅट्रिशिया मॉरिसन) हिची युक्ती तर विलक्षण आहे. ‘अ स्कँडल इन बोहेमिया’ या कथेत होम्स आग लागल्याचा आभास निर्माण करून लपवलेली वस्तू शोधतो. वॉटसनने प्रसिद्ध केलेली तीच कथा हिल्डाने वाचलेली असते. धूर करून ती वॉटसनकडून संगीतपेटीची जागा काढून घेते. होम्सला त्याचीच कीर्ती गोत्यात आणते.

६/ पडद्याबाहेर रॅथबोन यांचेही तेच झाले होते. पहिल्या महायुद्धात ‘मिलिटरी क्रॉस’ मिळवलेला हा सैनिक शेक्सपिअरच्या नाटकांत घडलेला नट होता. चित्रपटांबरोबरच आकाशवाणीवरही ते होम्स साकारत. लोकांना मात्र त्यांच्यात आता होम्सखेरीज कोणी दिसेना.

७/ १९४६ मध्ये करार संपताच त्यांनी तो वाढवण्यास नकार दिला आणि न्यूयॉर्कच्या रंगभूमीची वाट धरली. त्याच वर्षी विलीनीकरणानंतर युनिव्हर्सलने कमी खर्चाच्या छोट्या चित्रपटांतून अंग काढून घेतले. डिसेंबरमध्ये नील यांचे निधन झाले. परतीची वाट उरली नाही.

८/ होम्सला कंटाळलेले रॅथबोन हे पहिलेच नव्हेत. त्याचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ मध्येच त्याला कथेत मारून टाकले होते. पुढे वाचकांच्या आग्रहापुढे त्यांनाही नमावे लागले.

९/ रॅथबोन यांना काही काळ मुक्ती लाभली. ‘द एअरेस’ या नाटकातील कठोर पित्याच्या भूमिकेसाठी १९४८ मध्ये त्यांना टोनी पुरस्कार मिळाला. पण १९५३ मध्ये ते पुन्हा होम्स म्हणून रंगमंचावर आले. नाटक त्यांच्या पत्नी विडा यांनी लिहिले होते. त्याच महिन्यात नायजेल ब्रूस यांचे निधन झाले होते. वॉटसनचा सोबती गेला आणि नाटक अवघ्या तीन प्रयोगांत बंद पडले.

१०/ अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यानुसार अठ्ठावीस वर्षांनी स्वामित्वहक्काचे नूतनीकरण करावे लागे. ‘ड्रेस्ड टू किल’च्या बाबतीत ते झाले नाही आणि चित्रपट सर्वांसाठी खुला झाला. म्हणून रॅथबोन यांचा हा निरोपाचा होम्स आज कोणालाही सहज पाहता येतो. ज्या भूमिकेपासून सुटण्यासाठी त्यांनी हॉलिवूडकडे पाठ फिरवली, त्याच भूमिकेने त्यांचे नाव जिवंत ठेवले आहे.